राखण

सलग वीस मिनिटं चेंडूकडे बघायचंच नाही, असं मी ठरवून गेलो होतो. अंधेरीचं फुटबॉल मैदान लहान, सात-एक हजार माणसांचं. पुढच्या रांगेत जागा मिळाली तर खेळाडूंच्या हाका ऐकू येतात, बुटाखाली ओलं गवत चिरडल्याचा आवाजही येतो. 2024-25 चा हंगाम, बेंगळुरू एफसी मुंबईत खेळायला आलेली. माझी नजर त्यांच्या राहुल भेकेवर. मागच्या फळीत मधोमध उभा राहणारा, आपल्याकडे मैदानावर ज्याला स्टॉपर म्हणतात, तो. शेजारी धाडहून आलेला भाचा, हातात वडापाव, आणि मामा भलतीकडेच बघतोय म्हणून वैतागलेला.

हे दिसतं तितकं सोपं नाही. डोळा चेंडूमागे पळतोच, त्याला पुन्हापुन्हा ओढून आणावं लागतं. पण चार-पाच मिनिटांत सवय होते आणि मग एक वेगळाच सामना दिसायला लागतो.

आधी दिसते ती मान. चेंडू पार पलीकडच्या कोपऱ्यात, तरी हा गडी दर दोन-चार सेकंदांनी खांद्यावरून मागे बघतो. डावीकडून, मग उजवीकडून. किती वेळा ते मोजायला गेलो आणि मोजणी चुकली म्हणून सोडून दिलं. स्टॉपरची अडचण अशी की चेंडू असतो समोर आणि धोका असतो पाठीमागे. दोन्ही एका नजरेत मावत नाहीत. म्हणून तो सरळ उभाच राहत नाही. एक पाय मागे, अंग तिरकं.

"मामा, हा सारखा मागं काय पाहू राह्यला? तिकडं तं कोणीच नाही."

"कोणी नाही ना, तेच बघतोय."

भाच्यानं माझ्याकडे असं बघितलं, की जणू मुंबईत राहून मामाचं काहीतरी बिघडलंय.

मग दिसतो हात. समोरच्या संघाचा स्ट्रायकर जवळ आला की बोटं त्याच्या पाठीला नुसती टेकतात. ढकलायचं नसतं, ढकललं तर शिट्टी. अंधारात भिंत चाचपावी तसा तो स्पर्श. नजर चेंडूवर ठेवून गडी कुठे सरकला ते बोटांनी कळून घ्यायचं. आणि मग पावलं. समोरच्यांनी चेंडू मागे दिला रे दिला की सगळी फळी चार पावलं पुढे सरकते, एकदम, दोरी ओढल्यासारखी. गोलकीपर सोडला तर शेवटचा बचावपटू जिथे उभा, तिथे ऑफसाइडची रेष. चौघांतला एक जण जरी मागे रेंगाळला, तरी समोरचा स्ट्रायकर त्याच्या जिवावर मोकळा सुटतो. चूक रेंगाळणाऱ्याची; पण स्टॉपरला विचारलं जातं, हाक का नाही मारलीस. त्यामुळे स्टॉपर नव्वद मिनिटं बोलत असतो. उंच आलेला चेंडू डोक्यानं परतवतानाही त्याचा एक हिशेब असतो: लांब आणि बाजूला. मधोमध पडला तर समोरच्याला ताटात वाढून दिल्यासारखं.

त्या वीस मिनिटांत राहुलकडे चेंडू फार वेळा आलाच नाही. मला आजोबा आठवले.

आमचं धाड बुलढाण्याहून संभाजीनगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, जालना जिल्ह्याच्या वेशीजवळ. कापूस, सोयाबीन, मका. कणसं भरायला लागली की मक्याला राखण लागते, कारण रानडुकरं आणि रोही. आजोबा माळ्यावर रात्र काढायचे. सकाळी आजी विचारायची, काय झालं रात्री? ते म्हणायचे, काही नाही. त्या 'काही नाही'साठी रात्रभर बॅटरी फिरवावी लागते, डबा बडवावा लागतो, आणि मुख्य म्हणजे डुकराच्याही आधी त्याची वाट ओळखून तिथे उजेड टाकावा लागतो. एक डुलकी लागली की पहाटेला मका आडवा. मग सगळ्या गावाला कळतं, राखणीला कोण होतं ते.

स्टॉपरच्या नोंदीचंही तसंच. स्ट्रायकरचे गोल मोजतात. स्टॉपरच्या नावावर न झालेलं काय लिहिणार?

राहुल भेके मुंबईचा, जन्म 1990 चा. मुंबई एफसीकडून आय-लीग खेळला, मग कोलकात्याच्या ईस्ट बंगालकडे गेला. तिथे त्याचे लांब थ्रो गाजले. थ्रोवर थेट ऑफसाइड लागत नाही, त्यामुळे गोलसमोर पडणारा लांब थ्रो म्हणजे बचाव करणाऱ्यांची रेषच पुसून टाकणं. स्वतः बचावपटू असलेल्या माणसाला ही खोड चांगली ठाऊक असणार, असं आपलं मला वाटतं.

त्या काळात भारतात दोन लीग पाठोपाठ चालत. ऑक्टोबर ते डिसेंबर आयएसएल, जानेवारी उजाडला की आय-लीग. म्हणून क्लब आपला खेळाडू तीन महिने दुसऱ्याला उसना देई. राहुल 2015 मध्ये केरळा ब्लास्टर्सकडे गेला, 2016 मध्ये पुणे सिटीकडे. स्ट्रायकरला अशी बदली सोसते, त्याचे पाय त्याच्यासोबत जातात. स्टॉपरचं अर्धं काम शेजाऱ्याच्या हाती असतं. डावीकडचा गडी किती पुढे जातो, गोलकीपर उंच चेंडूला बाहेर येतो की रेषेवरच खिळून राहतो, हाक कुठल्या भाषेत मारायची, हे सगळं नव्यानं शिकावं लागतं, आणि शिकून होईतो डिसेंबर संपतो. राहुल तर कधी मधे खेळला, कधी उजवीकडे. जिथे भोक पडेल तिथे उभा. ज्या क्लबांनी त्याला घडवलं त्यातले दोन आज उरलेले नाहीत: मुंबई एफसी 2017 मध्ये बंद पडला, पुणे सिटी 2019 मध्ये.

2017 मध्ये तो बेंगळुरूकडे गेला. पुढच्या वर्षी 17 मार्चला बेंगळुरूनं आपल्याच मैदानावर आयएसएलची अंतिम लढत चेन्नईयनकडून 3-2 अशी गमावली. चेन्नईयनच्या तीनपैकी दोन गोल कॉर्नरवर आले, दोन्ही डोक्यानं, दोन्ही मायलसन आल्वेस या त्यांच्या स्टॉपरचे. असे गोल बचावफळीला वर्षभर झोपू देत नसतील. महिन्याभरानं भुवनेश्वरला सुपर कपच्या अंतिम सामन्यात राहुलनं आपल्या जुन्या ईस्ट बंगालवर बरोबरीचा गोल केला आणि बेंगळुरूनं 4-1 असा तो कप घेतला.

बरोबर एक वर्षानं, 17 मार्च 2019, पुन्हा आयएसएलचा अंतिम सामना. समोर गोवा, मैदान हेच अंधेरीचं, आणि मी गॅलरीत. हंगामात 16 गोल करणारा गोव्याचा कोरो त्या रात्री कोरडाच राहिला. नव्वद मिनिटं 0-0. जादा वेळेचा पहिला भाग संपता संपता गोव्याच्या अहमद जाहूला दुसरं पिवळं कार्ड मिळालं. लोक घड्याळ बघायला लागले, कुणाला शेवटची लोकल, कुणाला ट्रॅव्हल्स. पेनल्टीच होणार असं जो तो म्हणत होता.

शिट्टीला तीन-चार मिनिटं उरली असताना बेंगळुरूला कॉर्नर मिळाला. मारायला दिमास देल्गादो. सगळं स्टेडियम दिमासकडे बघत होतं, मी राहुलकडे. कारण मागचा माणूस पुढे आला की काय करतो याचं मला कुतूहल. त्यामुळे चेंडू यायच्या आधीची उडी मला दिसली. कपाळाचा ओझरता धक्का, चेंडू पलीकडच्या खांबावर आपटून आत. नंतरच्या गोंगाटात शेजारचे काका मला विचारत होते, कुणी मारला, कुणी मारला? आयुष्यात पहिल्यांदा असा प्रश्न मला विचारला गेला आणि उत्तर माहीत होतं.

2021 मध्ये तो मुंबईत परतला, मुंबई सिटीकडे. 11 एप्रिल 2022, रियाध, एएफसी चॅम्पियन्स लीग, समोर इराकचा एअर फोर्स क्लब. मुंबई एका गोलनं मागे पडली, दिएगो मॉरिसिओनं पेनल्टीवर बरोबरी केली आणि 75 व्या मिनिटाला कॉर्नरवर पुन्हा राहुलचं डोकं. 2-1. या स्पर्धेत भारतीय क्लबचा हा पहिला विजय. आणि कॉर्नर घेणारा? आता मुंबई सिटीत असलेला तोच जाहू, जो 2019 च्या त्या उडीच्या वेळी मैदानाबाहेर होता.

पण पुढचं सांगितलं नाही तर ही राखणीची गोष्ट खोटी ठरेल. त्याच गटात, अकरा दिवसांनी, सौदीच्या अल शबाबनं मुंबई सिटीवर 6 गोल चढवले. मुंबई गटात दुसरी आली, 7 गुण. पेपरात पहिला विजय राहिला. मागे उभं राहणाऱ्यांच्या डोक्यात ते सहा राहिले असणार.

4 मे 2024 ला कोलकात्यात साठ हजारांवर प्रेक्षकांपुढे मोहन बागानला 3-1 हरवून मुंबई सिटीनं आयएसएल चषक जिंकला, तेव्हा कर्णधार राहुल होता. त्यानंतर तो पुन्हा बेंगळुरूकडे. जुलै 2025 मध्ये हंगामच अधांतरी लटकला, लीग चालवण्याच्या कराराचं भिजत घोंगडं; ऑगस्टमध्ये बेंगळुरूनं पहिल्या संघाचे पगार थांबवले. पीक उभं आणि बाजार समितीला कुलूप, असा प्रकार. आमच्याकडे कुणालाही ते समजावून सांगावं लागलं नसतं.

त्या पावसाळ्यात धाडला गेलो तर शाळेच्या मैदानावर पोरं खेळत होती. चपलांचे गोल, चिखल, आणि भाचा मागे उभा. बॅक म्हणून आपल्याकडे कुणाला टाकतात ते सगळ्यांना माहीत आहे: ज्याचं नाव सगळ्यात शेवटी पुकारलं जातं त्याला. भाचा मात्र सारखी मान वळवत होता. मागे शाळेची भिंत आणि एक शेळी.

"मागं काय पाहू राह्यला रे?" कुणीतरी ओरडलं.

त्यानं उत्तर दिलं नाही. समोरच्यांनी चेंडू मागे दिला, तसा हात वर करून तो चार पावलं पुढे सरकला. शेजारचा बॅक होता तिथेच, पायातला काटा काढत. चेंडू त्याच्या डोक्यावरून गेला, एक काटकुळं पोरगं मोकळं धावलं आणि दोन चपलांमधून गोल.

"ऑफसाइड!" भाचा ओरडला.

"इथं ऑफसाइड नसते," गोलकीपर म्हणाला आणि चेंडू आणायला शेळीकडे गेला.