विश्लेषण : फिल्टर लावला, पण १५० ग्राहक गेले कुठे?

हजारो ग्राहकांच्या यादीतून हव्या तेवढ्याच नोंदी पाहण्यासाठी व्यवसायाच्या सॉफ्टवेअरमध्ये फिल्टर वापरला जातो. मात्र अट घालताना चूक झाली, तर काही नोंदी गुपचूप गळतात आणि अहवाल चुकतो. हे कसे घडते?

फिल्टर म्हणजे काय?

डेटाबेसमध्ये प्रत्येक ग्राहकाची एक ओळ असते. शहर, थकबाकी, शेवटच्या खरेदीची तारीख असे रकाने असतात. रकान्यातील माहितीवर अट घालून ओळी निवडणे म्हणजे फिल्टर. ‘आयबीएम’चे संशोधक एडगर कॉड यांनी १९७० मध्ये तक्त्यांवर आधारित डेटाबेसची संकल्पना मांडली. त्यातूनच पुढे ‘एसक्यूएल’ ही भाषा आली. आज ‘पॉवर बीआय’ किंवा ‘टॅब्लो’मध्ये क्लिक करून निवडलेला पर्यायही अनेकदा याच भाषेतील अट बनून डेटाबेसकडे जातो.

‘आणि’ की ‘किंवा’?

‘पुणे आणि नाशिकचे ग्राहक दाखवा’ असे आपण सहज म्हणतो. संगणक मात्र प्रत्येक ओळ स्वतंत्रपणे तपासतो. एकाच ओळीत शहर पुणेही आणि नाशिकही असू शकत नाही, त्यामुळे उत्तर शून्य येते. येथे ‘किंवा’ हवे. शहर पुणे असावे आणि थकबाकी ५० हजारांहून अधिक असावी, अशा दोन्ही अटी एकाच वेळी लागू करायच्या असतील तेव्हा ‘आणि’ वापरावे.

रिकाम्या रकान्यांचे काय?

खरी मेख येथेच आहे. समजा, एका घाऊक व्यापाऱ्याचे १,००० ग्राहक आहेत. त्यातील ४०० पुण्याचे, ४५० बाहेरचे आणि १५० जणांचे शहर भरलेलेच नाही. ‘शहर पुणे नाही’ अशी अट घातल्यावर ६०० नावे येतील, असे वाटते. एसक्यूएल मात्र ४५०च देते.

न भरलेल्या माहितीला तेथे ‘नल’ म्हणतात. म्हणजे ‘माहीत नाही’. ग्राहक पुण्याचा आहे की नाही, हेच ठाऊक नसल्याने अट खरी ठरत नाही आणि ती ओळ वगळली जाते. एक्सेलच्या फिल्टरमध्ये मात्र हीच अट रिकाम्या ओळीही दाखवते.

याचा फटका काय?

वसुलीसाठी ‘पुणे’ आणि ‘पुण्याबाहेरचे’ अशा दोन याद्या केल्या, तर हे १५० जण दोन्हींत नसतात. त्यांना थकबाकीसाठी फोनच जात नाही आणि अहवालात कोणतीही चूक दिसत नाही.

काळजी काय घ्यावी?

फिल्टर लावण्याआधी एकूण नोंदी मोजाव्यात आणि नंतर सर्व याद्यांची बेरीज तेवढीच येते का, हे पाहावे. रिकाम्या नोंदींची यादी वेगळी काढावी. ‘पुणे’ आणि ‘पुणे शहर’ ही संगणकासाठी दोन वेगळी नावे आहेत. त्यामुळे शहर टाइप करण्याऐवजी ठरलेल्या यादीतून निवडण्याची सोय नोंदणीच्या वेळीच ठेवणे उत्तम.