एक 'पाव', तीन कुळे

उच्चाराने एक, परंतु मुळाने भिन्न अशा शब्दांचा विचार करताना 'पाव' हे उदाहरण विशेष उद्‌बोधक ठरते. पाव किलो साखर, न्याहारीचा पाव आणि 'देवा, पाव' ही विनवणी, या तिन्ही ठिकाणी कानावर एकच शब्द पडतो.

चतुर्थांशवाचक 'पाव' संस्कृत 'पाद' शब्दापासून आला. चतुष्पादाचा एक पाय म्हणजे चौथा हिस्सा. प्राकृतात 'द' लोपला व दोन स्वरांच्या सांध्यात 'व' शिरला. 'पाऊण' (पादोन) आणि 'सव्वा' (सपाद) हे त्याचे सगोत्र होत. 'पावणे' हे क्रियापद मात्र 'प्र' उपसर्गयुक्त 'आप्' धातूचे. त्यातील 'व' हा मूळच्या 'प'चाच विकार आहे. अर्थात 'पावणेदोन'मधील 'पावणे' आणि देवाचे 'पावणे' यांत नाते नाही.

खरा प्रश्न खाण्याच्या पावाचा आहे. लादीचा चौथा भाग म्हणून पाव, किंवा पीठ पायांनी तुडवितात म्हणून पाव, अशा उपपत्ती आजही ऐकू येतात. पैकी दुसरी निरुपद्रवी नव्हे. परधर्मीयांचा म्हणून जुन्या पिढीत पाव निषिद्ध मानला जाई. त्या किळसेला या उपपत्तीने शास्त्राचा आधार मिळाल्याचा भास होतो. वस्तुतः हा शब्द पोर्तुगीज 'पाँव्' होय, आणि त्याचे मूळ लॅटिन 'पानिस'. 'पाद'शी त्याचा काडीमात्र संबंध नाही.

याचे प्रमाण काय? केवळ ध्वनिसाम्य म्हणाल तर ते 'पाद'च्या बाजूनेही आहे. म्हणून शेजारच्या भाषांकडे पाहावे. गुजरातीत 'पाउं' असा सानुनासिक उच्चार टिकला आहे. 'पाद'मध्ये अनुनासिक मुळीच नाही. जपानीत पावाला 'पान्' म्हणतात. पोर्तुगीज 1543 मध्ये जपानला पोहोचले, आणि तेथे पावाला हे नाव देण्यास 'पाद' खचित गेला नव्हता.

मराठीत अनुनासिक लोपले कसे, ही शंका उरते. तिचे उत्तर दुसऱ्या एका शब्दात आहे. पोर्तुगीज 'लेइलाँव्'चा मराठीत 'लिलाव' झाला. तेथेही अंत्य अनुनासिक गळून 'आव' उरले. हिंदीने तोच शब्द 'नीलाम' असा घेतला, आणि त्यातील 'म' हा त्या गळालेल्या अनुनासिकाचाच अवशेष आहे.