थरथरीचा नॉब

'बॉस' कंपनीच्या आरई-२०२ या गिटारच्या इको-पेडलवर 'वॉव अँड फ्लटर' असं नाव असलेला एक नॉब आहे. तो उजवीकडे फिरवत नेला की गिटारचा प्रतिध्वनी थरथरू लागतो, सूर किंचित वर-खाली होतो, आणि पुरता फिरवला तर एखादा म्हातारा टेपरेकॉर्डर अखेरच्या घटका मोजतोय असं वाटतं. कॅसेटच्या काळात वाढलेल्यांना हा आवाज चांगलाच ओळखीचा आहे. सेल उतरले की गाणारा असाच गळा काढायचा आणि आपण कपाळाला हात लावून नवे सेल आणायला धावायचो. आता तोच गळा काढायची सोय एक जपानी कंपनी मुद्दाम करून देते, आणि गिटारवाले त्यासाठी खुशीने पैसे मोजतात.

गंमत एवढ्यावर संपत नाही. हे पेडल ज्या यंत्राची नक्कल करतं ते रोलंड कंपनीचं आरई-२०१ 'स्पेस इको' १९७४ मध्ये बाजारात आलं, ते ही थरथर आटोक्यात आणूनच. बॉस हा रोलंडचाच ब्रँड. म्हणजे ज्या घराण्याने एक दोष निपटायला डोकं झिजवलं, त्याच घराण्याने अठ्ठेचाळीस वर्षांनी, २०२२ मध्ये, त्या दोषाला नॉब बसवला. हे का घडलं ते कळायला आधी टेपवरचा इको म्हणजे काय ते पाहावं लागेल.

टेपरेकॉर्डरमध्ये आवाज भरणारं हेड वेगळं आणि वाजवणारं वेगळं असेल, तर टेपला एकापासून दुसऱ्यापर्यंत जायला वेळ लागतो. हेडं पाच सेंटिमीटर अंतरावर आहेत आणि टेप सेकंदाला ३८ सेंटिमीटर वेगाने धावते आहे, तर आवाज साधारण ०.१३ सेकंद उशिरा ऐकू येईल. मूळ आवाज आणि हा उशिरा आलेला आवाज एकत्र केले की झाला इको. उशिराचा आवाज थोडा परत भरणाऱ्या हेडकडे पाठवला की इकोचा इको, त्याचाही इको. सगळी करामत या दोन वाक्यांत मावते. अमेरिकेत गिटारवादक लेस पॉल यांनी टेपशी असे खेळ करून गिटारचे आवाज एकावर एक चढवले. मेम्फिसच्या सन स्टुडिओत सॅम फिलिप्स यांनी दुसऱ्या टेपरेकॉर्डरच्या मदतीने तो एकच ठळक, झटपट परतणारा इको साधला आणि १९५४ पासूनच्या एल्विस प्रेस्लीच्या रेकॉर्डींना त्यांची ओळख मिळाली.

पण स्टुडिओतला टेपरेकॉर्डर स्टेजवर नेणार कसा? या एका प्रश्नावर पुढची वीस वर्षं ठिकठिकाणी लोक खपले. अमेरिकेत इकोप्लेक्स निघाला, लंडनमध्ये चार्ली वॅटकिन्स यांचा कॉपीकॅट, मिलानमध्ये बिन्सन कंपनीचा इकोरेक. इकोरेकमध्ये टेपच नव्हती, फिरता चुंबकीय ड्रम होता, आणि पिंक फ्लॉइड या बँडच्या सुरुवातीच्या अधांतरी तरंगणाऱ्या आवाजात त्याचा मोठा वाटा आहे. इकोप्लेक्समध्ये हेडच सरकवता यायचं, त्यामुळे उशीर कमी-जास्त करणं हाताच्या एका हालचालीचं काम. प्रत्येक यंत्राचा स्वभाव वेगळा, रडगाणं मात्र एकच: टेप ताणली जाते, अडकते, झिजते, वेग हलतो.

इकुतारो काकेहाशी यांनी इथे हात घातला. जन्म १९३० चा, ओसाकाचा. लहानपणीच आई-वडील गेले. युद्धानंतर कोवळ्या वयात त्यांनी घड्याळं दुरुस्त करायचा धंदा मांडला. पुढे क्षयाने वर्षानुवर्षं इस्पितळात खिळले, तेव्हा नुकतंच आलेलं स्ट्रेप्टोमायसिन मिळालं म्हणून वाचले. नंतर ओसाकात विजेच्या वस्तूंचं दुकान, मग एस इलेक्ट्रॉनिक, आणि १९७२ मध्ये रोलंड. इलेक्ट्रॉनिक्सचं रीतसर शिक्षण नसलेला हा माणूस पुढे इलेक्ट्रॉनिक वाद्यांना एकमेकांशी जोडणाऱ्या मिडी या तंत्राच्या जनकांपैकी एक ठरला आणि २०१३ मध्ये त्यासाठी तांत्रिक ग्रॅमीचा मानकरी झाला. पण मला विचाराल तर काकेहाशींचा घड्याळजी मिडीपेक्षा स्पेस इकोतच जास्त दिसतो. हे यंत्र मुळात गतीचं आहे, आणि गती बिनधक्क्याची राखणं हे घड्याळजीचंच काम.

झाकण उघडलं की पहिल्यांदा पाहणारा दचकतोच. चाकं नाहीत, रीळ नाही. एका उथळ, चपट्या कप्प्यात टेपची एक लांब कडी ताटात शेवया पसराव्यात तशी मोकळी पडलेली असते. एका बाजूने कॅप्स्टन हा फिरता दांडा आणि रबरी रोलर तिला ओढून हेडांसमोरून नेतात, दुसऱ्या बाजूने ती पुन्हा कप्प्यात सैल होऊन पडते. कुठेही ताण नाही. ताण नाही म्हणून झीज कमी, आणि थरथरही कमी. पाहताना वाटतं की हिचा गुंता आत्ता होणार, पण ती वळणं घेत निमूट चालत राहते.

वाजवणारी हेडं तीन, साधारण सारख्या अंतरावर. पहिल्याचा उशीर सगळ्यांत कमी, तिसऱ्याचा सगळ्यांत जास्त, फार तर अर्धा सेकंद. कुठलं हेड किंवा कुठली जोडी वाजवायची हे ठरवायला बारा खुणांचा एक मोठा गोल सिलेक्टर. त्यात चार खुणा नुसत्या इकोच्या, सात इको आणि रिव्हर्ब (खोलीत आवाज घुमल्याचा परिणाम) एकत्र, आणि एक फक्त रिव्हर्बची. हा रिव्हर्ब आत बसवलेल्या खऱ्याखुऱ्या स्प्रिंगांचा. यंत्राला धक्का लागला की स्पीकरमधून धडाम् असा आवाज. दोन-तीन हेडं एकदम चालू केली की इको एका ठेक्यात न पडता लयीच्या मधल्या जागा भरतो. एकट्या गिटारमागे कुणीतरी हलका ताल धरल्यासारखं वाटतं ते त्यामुळे.

आता मुद्द्याची गोष्ट. टेपवरून फिरून आलेला आवाज मूळ आवाजासारखा राहत नाही. प्रत्येक फेरीत वरच्या पट्टीची धार थोडी कमी होते, जोरात भरलेल्या आवाजाचे टोकदार माथे टेप गोल करून टाकते, आणि वेग कितीही सांभाळला तरी सूर केसाएवढा हलतो. म्हणून पहिला इको स्पष्ट, दुसरा धूसर, चौथा-पाचवा तर नुसती छाया. वाजवणारा पुढचा स्वर छेडतो तेव्हा मागचे स्वर त्याला वाट देतात. १९८० च्या दशकात डिजिटल डिले पेडलं आली, त्यांनी प्रत्येक इको पहिल्याइतकाच लख्ख दिला. तांत्रिकदृष्ट्या निर्दोष. पण सगळे स्वर सारख्याच ठसक्याने पुढे आले की गर्दी होते, आणि गर्दीत गाणं हरवतं. आपल्याकडे लग्नाच्या मांडवात साउंडवाला माईकवर इको चढवतो आणि भटजींची मंगलाष्टकं एकमेकांवर आदळतात, तो अनुभव आठवा. टेपची जादू दोषांत आहे असं लोक म्हणतात. माझ्या मते ती या मागे सरकण्यात आहे, आणि थरथर हा त्यातला सगळ्यांत छोटा भाग.

दुसरी गोष्ट हाताची. स्पेस इकोचा 'इंटेन्सिटी' नॉब एका मर्यादेपलीकडे नेला की इको विझण्याऐवजी वाढत जातो आणि यंत्र आपणच गरजू लागतं. गिटार खाली ठेवा, तरी चालूच. टेप माथे गोल करत असल्यामुळे हा गजर फुटत नाही, घोंगावत राहतो. त्यातच 'रिपीट रेट'चा नॉब फिरवला की मोटरचा वेग बदलतो, आणि आधी भरलेला आवाज नव्या वेगाने वाजू लागल्यामुळे सूर सपकन वर चढतो किंवा खोल बुडतो. किंग्स्टनच्या ब्लॅक आर्क स्टुडिओत ली 'स्क्रॅच' पेरी यांनी हे यंत्र असंच, वाद्य म्हणून वाजवलं. जमैकाच्या डब संगीतात गाण्याचा एखादा शब्द मधूनच उडून अंतराळात विरतो, तो या दोन नॉबांच्या जोरावर. रेडिओहेड या बँडचा जॉनी ग्रीनवुडही हेच यंत्र वापरतो. हे यंत्र १९९० पर्यंत बनत राहिलं.

मग पेडलात काय आहे? टेप नाही, मोटर नाही, हेडं नाहीत. आवाज आकड्यांत बदलून मेमरीत ठेवला जातो आणि ठरलेल्या उशिराने वाचला जातो. एवढं कुठलंही डिले पेडल करतं. अवघड आहे ते त्यानंतरचं. प्रत्येक फेरीत किती धार बोथट करायची, माथे कुठे गोल करायचे, नॉब फिरवल्यावर वेग एकदम न बदलता मोटरसारखा जड अंगाने कसा बदलायचा, हे सगळं गणितात मांडावं लागतं. नॉब फिरवताच उशीर उडी मारून बदलला तर कट्कन आवाज येतो आणि बिंग फुटतं. आरई-२०२ इथे उत्तम उतरलं आहे. गजर घोंगावतो, फुटत नाही, आणि वेग बदलताना सूर तसाच घसरतो. मूळ यंत्राच्या आतल्या अँप्लिफायरचा किंचित जाडपणासुद्धा त्यात घेतलेला आहे. इको बंद ठेवून नुसता त्या जाडपणासाठी यंत्र वापरणारे लोक होते, त्यांचीही सोय झाली.

नव्या सोयी मात्र मला सगळ्याच पटत नाहीत. चौथं हेड चांगलं, त्याने ठेक्याच्या शक्यता वाढल्या. पायाने ताल देऊन इको लयीत बसवता येणं तर स्टेजवर अत्यावश्यक. मूळ यंत्रात ते कानाने नॉब फिरवत करावं लागे. टेप नवी की जुनी हे निवडायचा स्विचही उपयोगी, जुनी टेप खरोखर अंधारी ऐकू येते. पण पाच प्रकारचे रिव्हर्ब कशाला? स्प्रिंगचा एक सोडला तर बाकीचे या पेडलात पाहुणे वाटतात. बारा खुणांचा गोल सिलेक्टर कायम ठेवला हा निर्णय सगळ्यांत शहाणपणाचा. छोट्या पडद्यावर मेनू दिला असता तर वाकून वाचत बसावं लागलं असतं आणि वाजवायचं राहून गेलं असतं.

बाजारात पर्यायही आहेत. स्ट्रायमन कंपनीचं एल कॅपिस्टन २०१० पासून गाजतं आहे, आणि बॉसचंच आरई-२ हे धाकटं पेडल एका पायाएवढ्या जागेत बसतं. घरी वाजवणाऱ्याला आणि ज्याच्या बोर्डवर आधीच दाटी आहे त्याला माझा सल्ला धाकट्याचाच. मेमरी आणि स्टेजवर पायाशी तीन स्विच हवे असतील तरच मोठं घ्या.

आणि एखाद्या बंद पडलेल्या स्टुडिओच्या माळ्यावर मूळ स्पेस इको सापडलाच, तर घाईने चालू करू नका. आपल्या पावसाळ्यात टेपला बुरशी धरते आणि रबरी रोलर कडक होतात. आधी टेपची कडी नवी घाला, हेडं कापसाने स्पिरिट लावून पुसा. त्याहीआधी मागच्या पट्टीवर किती व्होल्ट लिहिलंय ते वाचा: जपानमधली वीज १०० व्होल्टची असते, आपली २३०.