विश्लेषण : माळ्यावरच्या जुन्या करवती – किती जपायच्या, किती सोडायच्या?

पनवेल तालुक्यातील शिरढोण हे मुंबई-गोवा महामार्गालगतचे गाव आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचे जन्मगाव म्हणून ओळखले जाते. ४ नोव्हेंबर १८४५ रोजी त्यांचा येथे जन्म झाला. त्यांचा वाडा आज स्मारक म्हणून जपला जातो. मात्र अशा घरांचे खांब, तुळया आणि कडीपाट ज्या हत्यारांनी घडले, ती हत्यारे कुणी जपत नाही. पनवेल परिसरात जुनी घरे पाडून इमारती उभ्या राहत असताना सागवानाला भाव मिळतो, माळ्यावरची गंजकी करवत मात्र किलोच्या भावाने भंगारात जाते. ती वाचवता येते का, कशी, आणि वाचवलेल्या सगळ्याच ठेवायच्या का, याविषयी...

जुन्या घराशी करवतीचा संबंध काय?

कडीपाटाला लांब, सारख्या जाडीच्या फळ्या लागतात. यंत्रावर चालणाऱ्या वखारी येण्यापूर्वी या फळ्या हातानेच फाडल्या जात. ओंडका उंचावर ठेवून एक माणूस वर आणि एक खाली, अशी मोठी करवत दोघे मिळून चालवत. पुढचे काम सुताराच्या हातातल्या लहान करवतींचे. देशी करवतीचे दात बहुधा मुठीकडे वळलेले असतात, म्हणजे ती ओढताना कापते. विलायती करवत ढकलताना कापते. ब्रिटिश काळात शेफिल्डमधली हत्यारे भारतात येऊ लागली आणि दोन्ही प्रकार एकाच पेटीत दिसू लागले. त्यामुळे एखाद्या घरातली करवतींची जुडी त्या घराच्या बांधकामाचा छोटासा इतिहासच असते.

जुनी करवत नव्या करवतीपेक्षा वेगळी कशी?

मुख्य फरक दातांत आहे. आज हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या अनेक करवतींचे दात विजेच्या साह्याने तापवून कडक केलेले असतात. दातांची टोके काळसर-निळी दिसली, की ती त्या प्रकारची समजावी. हे दात बराच काळ धार धरतात, पण एकदा बोथट झाले की कानस त्यांच्यावरून नुसती घसरते. करवत फेकावी लागते. जुन्या करवतीचे पोलाद कानशीला दाद देते. तिला पुन्हा पुन्हा धार लावता येते, म्हणून ती एका सुताराकडून दुसऱ्या पिढीकडे जाऊ शकते.

मुठीवरचे पितळी गोल बटण आणि पात्यावरची पुसट अक्षरे यांवरून कारखाना कळतो. शेफिल्डच्या स्पिअर अँड जॅक्सनचा इतिहास १७६० पर्यंत मागे जातो. इंग्लंडमधून अमेरिकेत गेलेल्या हेन्री डिस्टनने फिलाडेल्फियात १८४० मध्ये करवतींचा व्यवसाय सुरू केला. डिस्टनच्या बटणावरची अक्षरे काळानुसार बदलत गेली, त्यावरून संग्राहक करवतीचे वय ठरवतात. पात्यावर ‘कास्ट स्टील’ अशी अक्षरे असली, तर ते बिडाचे आहे असा समज करून घेऊ नये. मुशीत वितळवून तयार केलेल्या चांगल्या पोलादाची ती खूण आहे.

कोणती करवत वाचवण्याजोगी?

गंज दिसला म्हणून करवत बाद होत नाही. आधी पाते डोळ्यासमोर धरून कडेने पाहावे. सबंध पाते हलके वाकलेले असेल तर ते सरळ करता येते. एकाच जागी मोडल्यासारखी घडी पडली असेल तर ती काढणे अवघड. वरवरचा तांबूस गंज निघतो. दातांजवळ गंजाने खड्डे पडले असतील, तर मात्र लावलेली धार त्या खड्ड्यांत तुटते. एखाद-दुसरा दात नसला तरी काम चालते. दातांच्या रेषेपासून पात्यात तडा गेला असेल, तर ती करवत कामाची राहिली नाही.

गंज कसा काढायचा?

मूठ आधी सोडवावी. जुने पितळी स्क्रू मऊ असतात, त्यामुळे अचूक बसणारा स्क्रू-ड्रायव्हर वापरावा, अन्यथा खाच फाटते. हातमोजे घालून, लाकडाच्या ठोकळ्याला पाण्यात चालणारा पॉलिश पेपर गुंडाळून, थोडे मशीनचे तेल किंवा टर्पेंटाइन टाकून पाते लांबीच्या दिशेने घासावे. आधी २२० आणि मग ४०० नंबरचा पेपर पुरतो. टर्पेंटाइन वापरताना खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि जवळपास विस्तव नसावा. कारखान्याची अक्षरे असतील तिथे हात हलका हवा, कारण ती एकदा गेली की परत येत नाहीत. ग्राइंडर लावू नये. त्याच्या उष्णतेने पोलादाचा कडकपणा जातो. व्हिनेगरमध्ये बुडवून गंज लवकर निघतो, पण पाते राखाडी पडते आणि अक्षरेही पुसली जाऊ शकतात. मुठीला जवसाच्या तेलाचा पातळ हात पुरतो. जुन्या हातांनी गुळगुळीत केलेली मूठ घासून नवी करण्यात अर्थ नाही.

धार कशी लावतात?

लाकूड लांबीत फाडणाऱ्या करवतीचे दात छोट्या पटाशीसारखे असतात. एका इंचात साधारण ४ ते ७. आडवे कापणाऱ्या करवतीचे दात सुरीसारखे, एका इंचात ८ ते १२. पहिल्या प्रकारात त्रिकोणी कानस पात्याला काटकोनात चालते, दुसऱ्यात सुमारे २० अंश तिरकी.

क्रम ठरलेला आहे. आधी चपटी कानस सर्व दातांच्या टोकांवरून फिरवून उंची सारखी करायची. मग पाते लाकडात अडकू नये म्हणून दात एकाआड एक डावी-उजवीकडे किंचित वळवायचे. कारागीर याला ‘सेट देणे’ म्हणतात. वळवायचा तो दाताचा वरचा भागच, मुळापासून वळवला तर दात तुटतो. जुन्या करवतीत बहुधा पुरेसा सेट असतोच. शेवटी त्रिकोणी कानशीने, टोकांवरची चकाकी नाहीशी होईपर्यंत, प्रत्येक दात सारख्याच घासांनी घासायचा. चकाकी गेली की थांबायचे. पहिला प्रयोग नेहमी बाद ठरलेल्या करवतीवर करावा.

खरा प्रश्न इथेच आहे. करवत वाचवणे सोपे आहे, पण तिला धार लावणारे हात कमी होत आहेत. बहुतेक काम विजेच्या यंत्रावर होत असल्याने नव्या सुताराला ही कला शिकण्याची गरजच पडत नाही.

संग्रह कमी का करायचा?

एक करवत दुरुस्त झाली, की दुसरी शोधण्याचा मोह होतो. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात ती मिळतेही. पण न वापरता टांगलेली प्रत्येक करवत पावसाळ्यात पुन्हा गंजते. वीस करवतींना तेल लावण्याचा कंटाळा येतो, चारांना येत नाही. पुण्यात दिनकर गंगाधर केळकर यांनी १९२० च्या सुमारास रोजच्या वापरातल्या वस्तू जमवायला सुरुवात केली. आज राजा दिनकर केळकर संग्रहालयात २० हजारांहून अधिक वस्तू आहेत, मांडलेल्या आहेत सुमारे अडीच हजार. संग्रहालयालाही सगळे मांडता येत नाही, तिथे घरातल्या माळ्याची काय कथा!

म्हणून कामासाठी तीन ठेवाव्यात. फाडणारी एक, आडवी कापणारी एक आणि सांध्यांसाठी, पाठीवर पट्टी असलेली, टेनन सॉ एक. चौथी घराच्या आठवणीची, चालत नसली तरी. बाकीच्या काम करणाऱ्या सुताराला, आयटीआयच्या विद्यार्थ्याला किंवा शाळेच्या कार्यशाळेला द्याव्यात. पण धार लावूनच. बोथट करवत देणे म्हणजे आपले भंगार दुसऱ्याच्या घरी टाकणे. देण्यापूर्वी फोटो काढून कुणाची, कोणत्या घरातली, कशासाठी वापरली, हे लिहून ठेवावे. ही माहिती गेली की उरते ते फक्त लोखंड. बाद करवतीही वाया जात नाहीत. त्यांच्या पात्यातून लाकूड तासण्याच्या पट्ट्या कापता येतात, पितळी स्क्रू आणि मूठ दुसरीला कामी येतात.

कायद्याची अडचण येते का?

घरात ठेवण्यात किंवा कुणाला देण्यात नाही. मात्र १९७२ च्या पुरावस्तू कायद्याच्या व्याख्येत शंभर वर्षांहून जुन्या, गतकाळातील कला-कारागिरी दाखवणाऱ्या वस्तूही येऊ शकतात. अशा वस्तू खासगी व्यक्तीला परदेशी नेता येत नाहीत. तेव्हा परदेशातल्या नातेवाइकाला आठवण म्हणून आजोबांची करवत पाठवण्यापूर्वी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे विचारणा करणे योग्य.

कोकणच्या दमट हवेत काळजी कशी घ्यावी?

पात्यावर मशीनच्या तेलाचा पातळ थर द्यावा. खाद्यतेल कालांतराने चिकट होते. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळू नये, ओल आतच कोंडते. भिंतीला टेकवून न ठेवता हवेशीर जागी टांगावी. वर्षातून एकदा तपासणीसाठी खंडेनवमीचा दिवस सोयीचा. पाऊस सरत आलेला असतो आणि हत्यारे पूजेसाठी माळ्यावरून खाली येतातच. दुसऱ्या दिवशी पात्यावरचे ओले हळद-कुंकू पुसून तेल लावायला विसरू नये. त्या ठिपक्यांखालीच पहिला गंज धरतो.