वगाची संहिता आणि वगाची चाचणी : नारायणगावच्या फडांच्या संदर्भात

वगनाट्याचा अभ्यास सामान्यतः छापील संहितेच्या आधारे केला जातो. अभ्यासक्रमात नेमता येते ते पुस्तकच, त्यामुळे हे स्वाभाविक असले तरी ढोलकीफडाच्या तमाशातील पारंपरिक वग मुळात लिहिलाच जात नसे. शाहिराने रचलेली पदे बांधीव असत. त्या पदांमधले गद्य मात्र नटांनी प्रयोगाच्या ओघात उभे करायचे असे. तेव्हा वगाची ‘संहिता’ म्हणजे नेमके काय आणि तिचा कर्ता कोण, हा प्रश्न वाङ्मयविचाराच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो.

या प्रश्नाच्या विचारासाठी जुन्नर तालुक्यातील नारायणगाव हे उचित क्षेत्र होय. पुणे-नाशिक मार्गावरील या गावाला ‘तमाशापंढरी’ म्हटले जाते. गुढीपाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या येथे उभ्या राहतात आणि जुन्नर, आंबेगाव व दूरदूरच्या गावांचे जत्रा-पंच येऊन सुपारी ठरवितात. भाऊ-बापू मांग नारायणगावकर यांचा फड आणि भाऊंच्या कन्या विठाबाई (१९३५–२००२) यांच्यामुळे हे नाव महाराष्ट्रभर पोहोचले.

नवा वग बसविण्याची रीत पाहिली असता तिच्यात तीन थर दिसतात. पहिला थर कथानकाचा. राजा, प्रधान, सावकार, पाटील, फसविला गेलेला भोळा माणूस, चतुर स्त्री अशी पात्रे आणि घटनांचा क्रम सरदार मंडळींना तोंडी सांगतो. दुसरा थर पदांचा. ती पाठ करावी लागतात आणि त्यांच्या जागा ठरलेल्या असतात. तिसरा थर संवादांचा, आणि तो मोकळा असतो. कोणत्या वळणावर प्रवेश संपला पाहिजे एवढे नटाला ठाऊक असते. तेथवर कसे जायचे ते समोरचा नट काय बोलतो यावर अवलंबून राहते. सोंगाड्याने आडवळण घेतले तरी कथा पुन्हा मार्गावर आणण्याची जबाबदारी सरदाराची.

या रचनेशी तुलना करण्याजोगा एक प्रकार विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत रूढ झाला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा भूमिकाखेळ प्रसिद्ध केला. मेजाभोवती बसलेल्या मित्रांपैकी एकजण कथेचे जग सांभाळतो, इतरजण एकेका पात्राची भूमिका घेऊन तत्क्षणी बोलतात, आणि साहसाचे यशापयश फाशांवर ठरते. छापण्यापूर्वी हा खेळ घरच्या मुलांत व मित्रमंडळीत वारंवार खेळून पाहिला गेला; जेथे खेळ अडला तेथे नियम बदलले गेले. कथेची चौकट एकाची, संवाद सर्वांचे आणि दुरुस्ती प्रत्यक्ष खेळातून, ही तिन्ही लक्षणे वगातही आढळतात.

भेदही तितकाच मोलाचा आहे. भूमिकाखेळात खेळणारे हेच प्रेक्षक असतात आणि अनिश्चितता फाशांतून येते. वगात ती समोरच्या गर्दीतून येते. तालमीत रंगलेला प्रवेश जत्रेत पडू शकतो. एखादी सहज सुचलेली कोटी शिट्ट्या घेते आणि पुढच्या गावी ती मुद्दाम येते. गर्दी उठू लागली की प्रवेश आवरता घ्यावा लागतो. अशा रीतीने दसऱ्याला सुरू झालेला हंगाम चैत्र-वैशाखाच्या जत्रांपर्यंत पोहोचतो तेव्हा वग बराच पालटलेला असतो. मेजावरच्या खेळातील दुरुस्ती नियमपुस्तकात नोंदली जाते. फडातील दुरुस्ती नटांच्या स्मरणात राहते. नट फड सोडून गेला की ती त्याच्याबरोबर जाते.

स्वातंत्र्योत्तर काळात या मोकळेपणाला मर्यादा आली. १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली. ती उठल्यानंतर वग लिहून परिनिरीक्षणासाठी सादर करणे आवश्यक झाले. अभ्यासकांच्या दृष्टीने याचा लाभ असा की, वगांच्या लिखित प्रती निर्माण झाल्या. परंतु अशी प्रत मंजुरीसाठी सिद्ध केलेली असते. तीवरून प्रयोगाचा अंदाज बांधणे म्हणजे टिपणावरून कीर्तनाचा अंदाज बांधण्यासारखे होय. वसंत सबनीस यांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ (१९६५) या लोकनाट्याची संहिता लेखकाच्या नावे सिद्ध असूनही दादा कोंडके यांच्या प्रासंगिक भरीमुळे प्रयोगागणिक वेगळी होत गेली, हे सर्वश्रुत आहे. तेथे त्या भरीचे श्रेय नटाला मिळाले. फडातील असंख्य सोंगाड्यांना ते मिळालेले नाही.

येथे प्रश्न केवळ पाठनिश्चितीचा राहत नाही. मांग, महार, कोल्हाटी या समाजांतील कलावंतांनी पिढ्यान्‌पिढ्या घडविलेले गद्य ‘उत्स्फूर्त’ या एका शब्दात निकालात काढले जाते. वास्तविक ते ऐनवेळी सुचलेले असले तरी शेकडो रात्रींच्या चाचणीतून टिकलेले असते. छापील पानावर नाव असेल तोच कर्ता, ही कसोटी लावल्यास या परंपरेतील बहुसंख्य कर्ते वाङ्मयेतिहासाबाहेर राहतात.

ध्वनिप्रदूषणविषयक २००० च्या नियमांनंतर रात्री दहापुढे ध्वनिवर्धकावर निर्बंध आले. गण, गौळण, बतावणी यांनंतर येणारा वग हा तमाशाचा शेवटचा भाग असल्याने वेळेची कात्री प्रथम त्यालाच लागते. चाचणीचा अवकाश जसा आकसतो तशी नटांच्या स्मरणातील संहिताही विरळ होते. म्हणून वगाच्या संशोधकाने एकाच वगाचे निरनिराळ्या गावांतील प्रयोग ध्वनिमुद्रित करावेत, त्यांतील स्थिर व चल भाग वेगळे काढावेत आणि कोणती भर कोणत्या नटाची, याची त्याच्या संमतीने नोंद करावी. वगाची संहिता ही त्या सर्व प्रयोगांची बेरीज होय. छापील प्रत हा तिच्यातील केवळ एक प्रयोग.