मुखत्यारपत्र नाकारा, बाप नाकारू नका

वाचकहो, समजा तुम्ही असोद्याचे. भरिताच्या वांग्यांचे शेत वडिलांच्या नावावर. वडील पंचाहत्तरीचे, भान शाबूत, पण स्वभाव तिखट. म्हणतात, "मुखत्यारपत्र घे, व्यवहार तू पाहा." उद्या आडत्याच्या पट्टीत चार रुपये कमी दिसले, की पारावर तुम्हालाच चोर ठरवतील. भावाबहिणींच्या मनातही किल्मिष येईल.

अशा वेळी नम्रपणे 'नाही' म्हणण्यात पाप नाही. मुखत्यार होण्याची सक्ती कायदा कोणावर करीत नाही. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे मुखत्याराला मागितला तेव्हा हिशेब द्यावा लागतो. शिवाय देणाऱ्याचे भान हरपले, की साधे मुखत्यारपत्र संपते. म्हणजे ऐन गरजेच्या वेळी ते निकामी!

मात्र कागद नाकारला म्हणून कर्तव्य टळत नाही. स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या आईवडिलांचा सांभाळ २००७ च्या कायद्याने मुलामुलींवर बंधनकारक आहे. तेव्हा वडिलांना हाताला धरून बँकेत न्या, सही त्यांनाच करू द्या. पट्ट्या-पावत्या त्यांच्याच पेटीत ठेवा. औषधपाणी वेळेवर करा. आणि सांगा, "आप्पा, सही तुमची, धावपळ माझी." चार दिवस रागावतील, पण घर दुभंगणार नाही.