स्पीकरला खोकं कशाला?

गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरला नुसता उघडा स्पीकर जोडला, तर आवाज किरकिरा येतो. का बरं? पडदा पुढे सरकला की पुढची हवा दाबली जाते, मागची विरळ होते. या दोन्ही लाटा कडेने एकमेकींना गाठतात आणि खर्ज गिळून टाकतात! मध्ये फळी आली की भांडण मिटलं. अमेरिकेत लिओ फेंडरने १९५०च्या दशकात पाइनची खोकी केली. कोपरे बोटांत बोटं गुंफल्यासारखे, पाठ अर्धी उघडी. लंडनच्या जिम मार्शलने १९६०च्या दशकात पाठ बंद केली, खर्ज घट्ट झाला. घरी करणार? १८ मिलिमीटरचं प्लायवूड घ्या, सांधे पक्के चिकटवा. सैल सांधा खडखडतोच. कापाकापी सुतारकाकांसमोरच. अ‍ॅम्प्लिफायर मात्र अजिबात उघडायचा नाही! व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये प्लग काढल्यावरही शेकडो व्होल्ट दडलेले असू शकतात.